दुसरा कोण?

“बायर्नवाला छापतोय म्हटल्यावर एखादं अक्षर उलटं येणारच,” विशू माझ्या दुकानाच्या पायरीवरूनच ओरडला. “काय निऱ्या, शाई मुद्दाम पातळ केलीस न्हवं?”

मी छपाईची फ्रेम उचलली आणि टी-शर्ट त्याच्या तोंडासमोर धरला. पिवळ्यावर काळी अक्षरं झकास उठली होती. त्यानं एका अक्षरावर बोट फिरवलं, बोट काळं झालं, आणि ते त्यानं बिनदिक्कत माझ्या बनियनला पुसलं.

“वाळू दे की जरा, मर्दा.”

“वाळायला टाइम कुठाय? सातला मॅच. डॉर्टमुंडचा अकरा वर्षांचा वनवास आज संपतोय, भावा. फकस्त जिंकायचं. ते बी घरच्या मैदानावर, ते बी माइन्झसंगं!”

“जिंका की मग. मी कुठं आडवा पडलोय?”

“तुझ्या पोटात दुखतंय.”

“माझ्या पोटात दहा वर्षांचे दहा लाडू हायत. एका वर्षी न्हाई मिळाला तर काय मरत न्हाई मी.”

तो हसला. विशू हसला की समोरच्या माणसाला आपणच फार विनोदी आहोत असं वाटायचं. ही त्याची खुबी होती, आणि तिच्यामुळेच त्याच्यावर रागवायला माणसाला उशीर व्हायचा. मला तर फारच झाला.

आमचं गाव कोल्हापूर. इथं पोराचं नाव बाराव्या दिवशी ठेवतात, पण त्याचा फुटबॉलचा संघ पाळण्याआधीच ठरलेला असतो. ज्या पेठेत जन्मला, त्या पेठेच्या तालमीचा संघ. आमची नगारखाना तालीम. विश्वंभर इंगवले, म्हणजे विशू, तिच्या संघाचा कप्तान आणि मधला बचावपटू. मी निरंजन साळोखे, त्याच्या मागं उभा राहणारा गोलकीपर. जवळजवळ पंधरा हंगाम मी त्याची पाठ बघत खेळलो. शाहू स्टेडियमवर हलग्या कडाडत असायच्या, समोरच्या पेठेची माणसं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायची, आणि पुढं विशूची पाठ असायची. ती दिसली की मला भीती वाटायची नाही.

आमचा हंगाम संपला किंवा मध्ये खाडा पडला, की शनिवारी तालमीत टीव्हीवर जर्मन लीग. हे वेड विशूनंच आणलं. इंग्लंडचं फुटबॉल सगळं जग बघतं, तो म्हणायचा, पण आपल्यासारखं फुटबॉल असेल तर ते जर्मनीत. तिथं तिकीट गरिबाला परवडतं, तिथं लोक उभं राहून मॅच बघतात, आणि तिथं क्लब मालकाचा नसतो, मेंबरांचा असतो. डॉर्टमुंडच्या मैदानावरची ती पिवळी भिंत, एकाच बाजूला उभी असलेली पंचवीसेक हजार माणसं, त्यानं पहिल्यांदा दाखवली तेव्हा आमची अख्खी तालीम येडी झाली. “ही बघा पेठ!” तो म्हणाला होता. त्या दिवसापासून आमच्याकडे सगळे डॉर्टमुंडवाले. मी एकटा बायर्नचा.

त्यामुळं मी तालमीत पाऊल टाकलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, “आला बघा, भरल्या ताटावर बसणारा.” जिंकणाऱ्याच्या मागं जाणारा माणूस, निष्ठा नसलेला, अशी माझी ख्याती. मी बायर्नचा का, हे कुणी कधी विचारलं नाही. मी दहा वर्षांचा असताना वर्ल्ड कपची फायनल हरल्यावर जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान गोलपोस्टला टेकून कितीतरी वेळ एकटाच बसला होता. आजूबाजूला दुसऱ्यांचा जल्लोष चाललेला. मी आईला विचारलं, याला घ्यायला कुणीच कसं येत नाही? मग कळलं की हा एरवी बायर्नकडून खेळतो. मी त्याच्यासाठी बायर्नचा झालो. म्हणजे मी जिंकलेल्या माणसाच्या मागं गेलोच नव्हतो, पण हे तालमीत सांगायला गेलो असतो तर तेवढ्यावरही दात काढले असते.

विशूची दुसरी आवड म्हणजे लाइपझिगला शिव्या घालणं. दर शनिवारी एकदा तरी त्याचं प्रवचन व्हायचं. “तिथला कायदा हाय. अर्ध्याच्या वर मतं मेंबरांकडंच ऱ्हायला पायजेत. शेठ किती बी मोठा असू दे, त्याला खुर्ची मिळंल, क्लब मिळणार न्हाई. आणि ह्या लाइपझिगवाल्यांनी काय केलं? कंपनीनं एका बारक्या गावच्या क्लबाची लीगमधली जागा उचलली. नाव बदललं, रंग बदलला, झाला संघ! मेंबर किती, तर बोटावर मोजण्याएवढे. त्यास्नी काय पेठ म्हणायचं?”

“तुमचं डॉर्टमुंड तर शेअर बाजारात हाय की,” मी टोचायचो. “आणि लेव्हरकुसेन औषधवाल्या कंपनीचं, वोल्फ्सबुर्ग मोटारवाल्यांचं.”

“शेअर विकले, मतं न्हाई विकली! फरक कळतोय का? पैसा कुणाचा बी घ्यावा. मत आपल्याकडं ठेवावं.”

हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की तालमीतली पोरं त्याच्याबरोबर सुरात म्हणायची.

त्या शनिवारी तो टी-शर्ट न्यायला आला होता, पण आमच्या दोघांच्याही डोक्यात दुसरंच होतं. सातला मॅच, आणि तिच्या आधी पाचला तालमीची सभा.

“काय ठरलं तुझं?” मी विचारलं.

विशू टी-शर्टच्या घड्या घालत होता. “त्यात ठरवायचं काय? तू उतर. मी तुझ्या मागनं उतरतो.”

“नक्की?”

“निऱ्या, तुझ्या पुढं पंधरा वर्षं कोण उभा ऱ्हायला? आज एकदा तू पुढं ऱ्हा. मी मागं हायच.”

मी त्याला चहा पाजला. टी-शर्टचा गठ्ठा मोटारसायकलला मीच बांधून दिला.

आता त्या सभेचं सांगतो. पेठेत एक बिल्डर होता. त्याचं नाव घेत नाही, अजून निम्मी पेठ त्याच्या इमारतींत राहते. त्याला सगळे शेठ म्हणायचे. त्याला फुटबॉलचा संघ हवा होता, पण शहराच्या वरच्या गटात नवीन संघाला जागा नव्हती. जागा आमच्याकडे होती. आमच्या आज्यांनी मिळवलेली, एकदाही खालच्या गटात न जाता राखलेली. शेठनं सांगितलं, तालमीची नवी इमारत बांधून देतो, वर व्यायामशाळा, खाली हॉल. बदल्यात संघाची नोंदणी माझ्या नावावर करून द्या.

आमच्या तालमीत हात वर करून मतदान होत नाही. फार पूर्वीपासूनची रीत आहे. मारुतीसमोरच्या आखाड्याच्या कडांवर सगळ्यांनी बसायचं. अध्यक्षानं विषय सांगायचा. ज्याला तो मान्य नाही त्यानं आखाड्यात उतरायचं, माती कपाळाला लावायची आणि बोलायचं. एकटाच उतरला, तर तो त्याचा राग समजायचा. त्याला मानानं हात देऊन वर घ्यायचं आणि विषय मंजूर करायचा. पण दुसरा कुणी त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला, तर ती पेठेची नापसंती. विषय तिथंच मोडला. मग बसलेले कितीही असोत. माझ्या वडिलांच्या वेळी तालमीचा पुढचा भाग दारूच्या दुकानाला भाड्यानं द्यायचं चाललं होतं, तेव्हा दोघंच उतरले होते. त्या दोघांची नावं आजही पेठेत आदरानं घेतात.

म्हणजे मला बहुमत नको होतं. मला एक माणूस हवा होता, आणि तो माझ्याकडे होता.

पाचला तालीम भरली. सभा झाली की लगेच मॅच, म्हणून बरेचजण मी छापलेले पिवळे टी-शर्ट घालूनच आलेले. आखाड्याच्या चारी कडांना पिवळंधमक. मारुतीच्या समोरच्या भिंतीवर शेठची दोन माणसं भलामोठा पडदा बांधत होती. आज आपण छोट्या टीव्हीवर नको, मोठ्यावर बघू, अशी शेठची भेट. पोरं त्या पडद्याकडे बघून खूश होती.

तालमीचे अध्यक्ष बापू अतिग्रे, वय सत्तरीच्या पुढचं, पांढरी टोपी, आवाज अजून खणखणीत. त्यांनी विषय सांगितला आणि शेठना बोलायला लावलं.

शेठ हात जोडून उभे राहिले. “संघ तुमचाच राहणार. मी कोण? नाव फक्त आमच्या कंपनीचं येईल. जर्सीचा रंग आमचा. आणि चार चांगले खेळाडू बाहेरून आणावे लागतील, ते आम्ही बघू. बाकी सगळं तुमचंच.”

बाकी काय उरलं, हे कुणी विचारलं नाही.

मी उठलो. आखाड्यात पाय टाकला. ताक आणि तेल मुरलेली ती तांबडी माती थंडगार लागली. चिमूटभर कपाळाला लावली.

“बापू, माझी नापसंती हाय,” मी म्हणालो. “इमारत पडकी असंल, पण संघ आपला हाय. एकदा नोंदणी गेली की शेठच्या मनात आलं तर खेळवतील, न्हाई आलं तर विकतील. आपण विचारायचं कुणाच्या जोरावर? नाव न्हाई, रंग न्हाई, पोरं न्हाईत. उद्या स्टेडियमवर आपण कुणासाठी ओरडायचं?”

“तुझी जागा जातीय म्हणून बोलतोयस!” मागून कुणीतरी ओरडलं.

“माझी जागा वयानं जाणारच हाय,” मी म्हणालो. “मी हे माझ्या डोक्यातनं बोलत न्हाई. दर शनिवारी इथं बसून आपण सगळे कंपनीच्या संघाला शिव्या घालतो. पैसा कुणाचा बी घ्यावा, मत आपल्याकडं ठेवावं, हे विशूनंच शिकवलंय आपल्याला. मग आज काय वेगळं चाललंय?”

सगळ्यांनी विशूकडे पाहिलं. तो समोरच्या कडेला, खांबाजवळ बसला होता. त्याच्या टी-शर्टवरचं एक अक्षर घाईत पुसलं गेलं होतं.

बापू उभे राहिले. रीतीप्रमाणे त्यांनी तीनदा विचारायचं होतं.

“एक उतरला. दुसरा कोण?”

कुणी हललं नाही. पडदा बांधणारे दोघे थांबून बघायला लागले. मी विशूकडे बघत होतो. त्यानं मांडी बदलली. आता उठेल, मला वाटलं. गुडघ्यावर हात ठेवून उठायची त्याची सवय मला ठाऊक होती, आणि त्याचा हात गुडघ्यावर गेला होता.

“दुसरा कोण?”

विशू मातीकडे बघत होता. मी अगदी हळू, ओठांच्या आत म्हणालो, “ये की रे.” त्याला ऐकू गेलं नसेल. पण त्यानं त्याच वेळी मान वर केली, आणि आमची नजर भेटली.

बापूंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात विशू बोलला.

“बापू, आवरा की जरा. सातला मॅच हाय.”

हशा पिकला. सभेतला सगळा ताण त्या एका वाक्यानं उतरला, आणि लोक त्याच्यावर खूश झाले. मी सांगितलं ना, ही त्याची खुबीच होती. बापूही हसले. तिसऱ्यांदा विचारलं की नाही, मला आठवत नाही. विचारलं असेल तर त्या हसण्यात बुडून गेलं.

मग बापू वाकले, मला हात दिला आणि मानानं वर घेतलं. “राग गिळ, बाळा,” माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले. “पेठेचं भलंच हुणार हाय.” त्या मानाचा मला आजही संताप येतो. एखाद्यानं मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

घरी जावं असं वाटलं. पण गेलो असतो तर पोरं म्हणाली असती, बायर्न हरायच्या भीतीनं पळाला. म्हणून सगळ्यांच्या मागं, दाराजवळ बसून राहिलो. कपाळावरची माती वाळून तडकली होती, आणि ती पुसावी की राहू द्यावी हे मला कळत नव्हतं.

ती मॅच ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. डॉर्टमुंडचे दोन गुण जास्त होते. जिंकले की विजेते, बायर्नचं काहीही होवो. पण सुरुवातीलाच माइन्झनं गोल केला. डॉर्टमुंडला पेनल्टी मिळाली, ती त्यांच्या गोलकीपरनं अडवली. मग माइन्झचा दुसरा गोल. आणि तिकडं त्याच वेळी चाललेल्या कोलोनच्या मॅचमध्ये बायर्न पुढं. तालमीत सुतक पसरलं. विशू पडद्याच्या अगदी पुढ्यात, गुडघे छातीशी घेऊन बसला होता.

दुसऱ्या अर्ध्यात डॉर्टमुंडनं एक फेडला. आणि मग, शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना, कोलोननं पेनल्टीवर बायर्नशी बरोबरी केली. म्हणजे हरत असूनही डॉर्टमुंड विजेते होत होते! तालीम उसळली. कुणीतरी हलगी घेतली. विशू माणसांच्या डोक्यांवरून उड्या मारत मागं आला आणि माझी कॉलर धरून मला गदागदा हलवलं.

“कुठाय तुझा बायर्न? आं? कुठाय?”

त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. दोन-तीन तासांपूर्वी काय झालं याचा त्यावर मागमूस नव्हता. तो खराखुरा आनंदी होता, आणि तो आनंद त्याला माझ्याबरोबरच वाटायचा होता, कारण लहानपणापासून तो सगळं माझ्याबरोबरच वाटत आला होता. मी कॉलर सोडवून घेतली.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला बायर्नच्या पोरानं डी-च्या बाहेरून चेंडू कोपऱ्यात घातला. बायर्न विजेते, सलग अकराव्यांदा. डॉर्टमुंडनं अगदी शेवटी दुसरा फेडला, पण बरोबरी पुरेशी नव्हती. गुण सारखे आणि गोलफरकात बायर्न वर. मी वाट बघत होतो, की आता मला बरं वाटेल. निदान यांची जिरली म्हणून तरी. काही वाटलं नाही. एरवी मी नाचलो असतो, शिव्या खाल्ल्या असत्या, आणि सोमवारी अख्ख्या पेठेला पेढे वाटले असते.

पडद्यावर ती पिवळी भिंत दिसत होती. कुणी निघून गेलं नव्हतं. त्यांचा प्रशिक्षक भिंतीसमोर उभा राहून रडत होता आणि ते पंचवीस हजार त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. आमच्या तालमीतही माणसं डोळे पुसत होती. शेठ केव्हाच निघून गेले होते.

मी बाहेर पायरीवर आलो. थोड्या वेळानं विशू आला आणि माझ्याशेजारी बसला. तो हुंदके देऊन रडत होता. बापाच्या मयतीला हा माणूस माझ्यासमोर असा रडला नव्हता.

“बघितलास न्हवं?” तो म्हणाला. “हरले तरी एक माणूस जाग्यावरनं हलला न्हाई.”

“विशू, तू का उतरला न्हाईस?”

तो नाक पुसत राहिला.

“मी काय विचारलं?”

“माझं नाव कशाला घेतलंस तू? सगळे माझ्याकडं बघायला लागले.”

“मग उठायचं की. बघतच हुते सगळे.”

“तुला सोपं हाय बोलाय.” आता त्याच्या आवाजाला धार आली. “तुझं दुकान हाय. सकाळी शटर उघडलं की तुझं पोट भरतंय. माझं काय हाय? पस्तिशीला आलो. फुटबॉल सोडून मला काय येतंय? शेठ मैदान करायलाय, पोरांना शिकवायला माणूस घेणार हाय. मला बोलावलंय.”

“कधी?”

“झाले की पंधराएक दिवस.”

“म्हणजे दुपारी दुकानात आलास तेव्हा तुला ठाऊक हुतं.”

“दुपारी मी खरंच उतरणार हुतो, निऱ्या. आईशप्पत.”

मला ते तेव्हाही खरं वाटलं, आणि आजही वाटतं. खोटं बोलला असता तर त्याला सोडून देणं मला सोपं गेलं असतं.

“मला आधी सांगितलं असतंस,” मी म्हणालो, “तर मी दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असतं. दाराला जाऊन पाया पडलो असतो. एक माणूस मिळाला असता रे मला. पेठेत एक माणूस मिळाला नसता? मी तुझ्या भरवशावर कुणाकडं गेलोच न्हाई.”

तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “आज नको रे बोलूस. आज आधीच लई झालंय. डॉर्टमुंडचं गेलंय, भावा.”

मी त्याचा हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि घरी गेलो.

पुढचं थोडक्यात. संघ शेठच्या कंपनीच्या नावानं उतरला. पहिल्या हंगामात बाहेरची पोरं आली, एक करंडक मिळाला, मिरवणूक निघाली, डॉल्बी लागला. दुसऱ्या हंगामात हरायला लागले तशी शेठची हौस फिटली. त्यानं नोंदणी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली. आम्हाला ते पेपरात वाचून कळलं. तालमीची इमारत झाली, खोटं कशाला बोलू, चांगली झाली. संघ मात्र नाही. आमच्या पेठेची माणसं अजून शाहू स्टेडियमवर जातात, पण कुठल्या बाजूला बसायचं हे त्यांना कळत नाही. बापू एकदा असेच मधल्या पायऱ्यांवर उभे दिसले. कुणीतरी सरकून जागा दिली, तर म्हणाले, नको, मी नुसता आलोय.

विशूचं पोरांना शिकवायचं काम शेठच्या हौशीबरोबरच गेलं. आता तो एका शाळेत खेळाचा मास्तर आहे. आम्ही बोलत नाही असं नाही. रस्त्यात भेटलो की थांबतो. तालमीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर तो काय टाकतो ते मला रोज दिसतं. जर्मनीत लीगचा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं घाटत होतं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून मॅचेस थांबवल्या, आणि शेवटी लीगला तो विचार सोडावा लागला. त्या दिवशी विशूनं लिहिलं होतं, “याला म्हणतात पेठ. विकू देत नाहीत.” तालमीतल्या सगळ्यांनी त्याला पसंतीचे अंगठे दिले होते. त्या अंगठ्यांत आखाड्याच्या कडेला बसलेला एकही माणूस गैरहजर नव्हता.

मागच्या दिवाळीत तो दुकानात आला. बऱ्याच दिवसांनी. पायरीवरूनच ओरडला नाही, आत येऊन स्टुलावर बसला. पोट सुटलं होतं. खिशातून त्यानं जपून एक कार्ड काढलं, पिवळं आणि काळं, त्यावर इंग्रजी अक्षरांत त्याचं पूर्ण नाव. विश्वंभर शामराव इंगवले.

“जर्मनीवरनं आलं,” तो म्हणाला. “डॉर्टमुंडचा रीतसर मेंबर झालो. आपल्या तालमीतले आठदहा जण झाले. तुझं बायर्नचं बी निघतंय म्हणे, काढून देऊ का?”

मी कार्ड हातात घेतलं. छपाई उत्तम होती, मला तेवढंच कळतं. “काय मिळतं यानं?”

“मिळायचं काय? मत!” त्याचे डोळे अगदी पूर्वीसारखे चमकले. “सभेला गेलं की मत देता येतंय. जाणं हुईल न हुईल, ती गोष्ट वेगळी. पण हक्क हाय. माझ्यासारख्या मेंबरास्नी विचारल्याबिगर तिथं कुणाला क्लब हलवता येत न्हाई.”

त्याच्या चेहऱ्यावर कसलीही लाज नव्हती, आणि कसला डावही नव्हता. तो मला खूश करायला आला होता.

“तिथं किती जण उठले की विषय मोडतो रे?” मी विचारलं.

“उठून काय हुतंय तिथं? लाखांनी मेंबर हायत. एकदोघांना कोण इचारतंय?”

“मग बरं हाय की तुला,” मी कार्ड त्याच्या हातात परत देत म्हणालो. “लाखांत एक बसून ऱ्हायला तर कुणाला दिसत न्हाई.”